पत्र्याचं पिंपळपान

बदनापूरपासून चार मैलांवरच्या त्या गावात बालवाडी सुरू झाली तेव्हा सरकारी सामानात एक फळा, दोन सतरंज्या आणि एक गळकी बादली आली. पोरांना दिवसभर गुंतवायचं कशात, हे सरकारने बाईंवर सोडलं होतं. बाई म्हणजे बेबीनंदा, भीमनगरातली, सातवी शिकलेली. तिचा नवरा भिवा जुन्या जालन्यात पत्र्याच्या पेट्यांच्या दुकानात कामाला होता, रोज गाडीने जायचा-यायचा. त्याने डालड्याच्या डब्याची दोन बोटं रुंद पट्टी कापली, ती वाकवून पिंपळाचं पान केलं, देठापाशी डाग देऊन जोडली आणि वर धरायला एक आडवी पट्टी लावली. झाला साचा.

त्या एका साच्यावर बेबीनंदाने दोन वर्षं बालवाडी चालवली म्हटलं तरी चालेल. पोरांच्या खाऊसाठी येणाऱ्या सुकडीचं पीठ गुळाच्या पाण्यात मळायचं, लाटून पानं कापायची, तव्यावर भाजायची. चिखलाची पानं कापून उन्हात वाळवायची आणि गेरूने रंगवायची. झिजलेल्या चपलेच्या रबरावर साच्याने खूण करायची, भिवाकडून तेवढं पान कापून घ्यायचं आणि शाईत बुडवून जुन्या वर्तमानपत्रावर ठसे उठवायचे. कोणी घरून पोळी आणली तर तिचीही पानं. एका पोळीत तीन पानं बसतात आणि उरलेली जाळी आधी खायची असते, हा शोध मात्र पोरांचा.

गावातल्या आयांनी पोरांना बजावून ठेवलं होतं की खेळा, गाणी म्हणा, पण तिथं खाऊ नका. पोरं मान हलवायची आणि खायची. आयांना ते माहीत नव्हतं असं नाही. डोळ्यांनी पाहिलं नाही तोवर घडलंच नाही, अशी एक सोय प्रत्येक गावाने आपल्यापुरती करून ठेवलेली असते. चतुराबाईच्या घरची ठकी, तिच्या धाकट्या दिराची पोर, रोज दुपारी ओठांना गूळ चिकटवून घरी यायची. चतुराबाई पदराने तिचं तोंड पुसायची आणि विचारायची काही नाही.

शहात्तर सालच्या वैशाखात चतुराबाईच्या कांताचं लग्न ठरलं. दुष्काळ मागे पडून तीन-चार वर्षं झाली होती, घरात दाणा होता आणि सोयरीक जुन्या जालन्यातल्या आडतवाल्या घरची मिळाली होती. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. पण चतुराबाईला मांडवाची काळजी नव्हती, जेवणाची नव्हती. तिला धास्ती होती ती रुखवताची.

सहा वर्षांपूर्वी थोरलीच्या लग्नात घाईघाईने बाजारातून आणलेल्या जिनसा तिने रुखवतात मांडल्या होत्या. लेकीच्या चुलत सासूने त्या चार बायकांत उचलून पाहिल्या आणि म्हणाली, लेकीला हात दिले न्हाईत वाटतं. बोलणारी बोलून गेली. थोरली मात्र अजून दर सणाला ते ऐकते, आणि माहेरी आली की तेवढं एक सांगून रडते. आता कांताच्या सासरी मालनबाई नावाची नवऱ्या मुलाची आत्या होती. ती रुखवताच्या प्रत्येक ताटापाशी थांबते, बोटाने दाबून बघते आणि एका वाक्यात निकाल देते, अशी तिची कीर्ती लग्न ठरायच्या आधीच गावात पोचली होती. काहीही झालं तरी कांताला तसलं वाक्य पदरात घेऊन नांदायला पाठवायचं नाही, हे चतुराबाईने मनाशी घट्ट धरलं होतं.

वाट कांतानेच दाखवली. ठकीने बालवाडीतून कागदाच्या पानांचं तोरण आणलं होतं, ते दाराला लावता लावता कांता म्हणाली की आपण सगळं रुखवत एकाच पानाचं करू. खायची पानं, शिवायची पानं, टांगायची पानं. असं जालन्यात कोणी पाहिलं नसेल. चतुराबाईला ते इतकं पटलं की ती दुसऱ्याच दिवशी स्वतः भीमनगरात गेली. तीस वर्षं त्या गावात नांदून तिचा पाय तिकडे पहिल्यांदा पडला.

ती अंगणातच उभी राहिली. बस म्हटलं तर घाई आहे म्हणाली, पाणी दिलं तर तहान नाही म्हणाली. वैशाखातल्या भर दुपारी तहान नाही म्हणणाऱ्या बाईकडे बेबीनंदाने एकदा पाहिलं, आणि आतून साचा आणून दिला. वर चार गोष्टीही सांगितल्या. काठाला तेलाचं बोट फिरवायचं म्हणजे पीठ चिकटत नाही. वड्या कापायच्या त्या गरम असतानाच. पानाचं टोक एका बाजूला वळलं आहे, तेव्हा जोडी हवी असेल तर एक पान उलटं ठेवायचं, म्हणजे दोन्ही समोरासमोर येतात. चतुराबाईने सगळं ऐकून घेतलं आणि साचा पदरात गुंडाळून आणला.

घरी आल्यावर जे झालं ते इतकं सवयीने झालं की त्याला करणं तरी कसं म्हणायचं. त्यांच्या घरची रीत होती. तांब्या-पितळेचं भांडं तिकडच्या हाताला लागलं की राखेने घासायचं आणि विस्तवातून काढायचं, मग घरात घ्यायचं. सासूने तिला शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूने. चतुराबाईने साचा घासला, चुलीतले निखारे पुढे ओढले आणि त्यावर ठेवला. तिला कोणी सांगितलं नव्हतं. सासू जाऊन नऊ वर्षं झाली होती, नवरा शेतात होता, कांता माडीवर शिवत होती.

पितळेला विस्तव सोसतो. पत्र्याचा डाग म्हणजे कथिल. ते लोण्यासारखं वितळलं, एक चकचकीत थेंब राखेत पडला आणि पिंपळपान देठापाशी उघडलं. चतुराबाईने चिमट्याने बाहेर काढेपर्यंत धरायची पट्टीही सुटली होती. हातात राहिली एक वाकडीतिकडी पट्टी, निळी-काळी पडलेली.

लग्नाला आठ दिवस होते. तिने पट्टी वाकवून दोऱ्याने बांधून पाहिली, तर पीठ कापताना ती फाकायची आणि पानाचं वांगं व्हायचं. बाजाराच्या दिवशी ती पिशवीत घालून बदनापूरला गेली. तिथला पत्र्याचं काम करणारा म्हणाला की नवीन साचा करायला त्याला सवड नाही, लग्नसराईच्या पेट्या डोक्यावर आहेत. आणि हा जुना जळलाय, याच्यावरची कल्हई गेली, आता डाग धरणार नाही. पट्टी उलटसुलट करत त्याने असंही सांगितलं की हात भिवाचा दिसतो, त्यालाच विचारा. म्हणजे ज्या दारात जायचं नव्हतं तेच दार उरलं.

वाटेने चतुराबाईने वाक्य तयार केलं. चार मैल चालताना ते इतक्या वेळा म्हटलं की तिला ते खरं वाटायला लागलं होतं.

आइतवार होता, भिवा घरी होता. चतुराबाई अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, "बैलाच्या पायाखाली आला गं."

भिवाने पट्टी घेतली आणि उन्हात धरली. "चेपला तर कुठंच न्हाई," तो म्हणाला. "निळा पडलाय." एवढं बोलून त्याने पट्टी बायकोच्या हातात दिली आणि तो आत निघून गेला. चार शब्द जास्त बोलला असता तर चतुराबाईला बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

बेबीनंदा बराच वेळ त्या पट्टीवरून अंगठा फिरवत राहिली. अंगठा काळा झाला.

"नेला त्याच दिवशी घातला का?"

"त्याच दिवशी," चतुराबाई म्हणाली. बैल आता तिच्या तोंडातून निघेना.

"कोणी सांगितलं?"

"कोणीच न्हाई. हात गेला."

बेबीनंदाने मान हलवली. मग तिने विचारलं, आवाज न चढवता, बालवाडीत पोरांना विचारावं तसं. "ठकी दोन वर्षांपासून माझ्या हातचं खाऊन राह्यली, काकू. ती घरी आली की तिला कशातून काढता?"

चतुराबाईला ठकीचे गुळाने चिकट ओठ आठवले आणि ते पुसणारा आपला पदर आठवला. लाज वाटली. आयुष्यात पुष्कळदा तिला लाज वाटली होती, दिसण्याची, नेसण्याची, थोरलीच्या रुखवताची; ही त्यातली नव्हती. ही आतून आली आणि तिला कुठे बसू द्यावं ते कळेना.

बेबीनंदाने साच्याचं सांगून टाकलं. भिवा उद्या जालन्याहून नवीन साचा करून आणेल, त्याचं काही नाही, पत्रा पडलेलाच असतो. "पण आता साचा देणार न्हाई," ती म्हणाली. "मी येते. माझ्या हातानं कापून देते. चालत असल तर सांगा."

कागदाची, कापडाची तू काप, खायची तेवढी मी कापते, असं चतुराबाईच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. घरी विचारून सांगते म्हणाली. त्यावर बेबीनंदाने, कोणाला विचारणार, असं विचारलं नाही. पण चतुराबाईने परत येताना स्वतःलाच ते विचारलं. सासू नाही. कारभारी, तिचा नवरा, बायकांच्या कामात कधी बोलला नाही. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुझं रुखवत, तू बघ, फक्त पाहुण्यांत बोभाटा नको. म्हणजे अडवणारं घरात कोणी नव्हतं. निखारे पुढे ओढणारा हात तिचाच होता. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही ही म्हण तिने आजवर भाऊबंदांसाठी वापरली होती.

तिने ठकीजवळ निरोप पाठवला, बाईला म्हणावं ये.

सोमवारी गाडी उतरून भिवाने नवीन साचा दिला आणि मंगळवारी बालवाडी सुटल्यावर बेबीनंदा आली. चतुराबाईने ओसरीवर घोंगडी अंथरली होती, पोळपाट-लाटणं बाहेर आणून ठेवलं होतं. आत कुठे बसायचं हा प्रश्नच उठू नये अशी ती तयारी होती. बेबीनंदाने घोंगडी पाहिली, आतलं दार पाहिलं, आणि बसली.

दोन दुपारी तिने काय काय केलं ते सांगायला बसलं तर लग्न राहून जाईल. गोड पानं, खारी पानं. दोन पानांच्या मध्ये सारण भरून काठ दाबलेल्या करंज्या. उडदाच्या पापडाची पानं, सुपावर वाळत घातलेली. उरलेल्या जाळ्याही फेकल्या नाहीत, त्या तशाच तळायला दिल्या आणि त्या पानांपेक्षा सुंदर दिसायला लागल्या. हिरव्या मखमलीवर साच्याने खूण करून कापलेली पानं कांताने उशीच्या अभ्र्यावर वेलीसारखी लावली. मेण वितळवून थाळीत ओतलं, त्याची पानं. शेवटी खोबऱ्याच्या वड्या. त्यांतली निम्मी पानं उलटी ठेवून ताटात गोल मांडली, तर जोड्याजोड्यांनी टोकं एकमेकांकडे वळली. कांता आनंदाने वेडी व्हायची बाकी होती. आळीतल्या बायका काहीतरी निमित्त काढून डोकावून गेल्या. बघितलं सगळ्यांनी, ओसरीवर टेकलं कोणी नाही.

तळायचं काम चतुराबाईने आत चुलीपाशी केलं. ताटं उंबऱ्यावरून आत घेताना तिने मनाशी हिशोब लावला होता की उकळत्या तेलातून निघालेल्याला काही राहत नाही. पापड भाजले जातात. मेण, मखमल काय, ते खायचं नसतं. वड्यांचा हिशोब मात्र लागेना. वड्यांचं मिश्रण तिने शिजवलं होतं, पण त्यानंतर त्याला हात लागले होते ते बेबीनंदाचे, आणि पुढे चूल नव्हती. एरवी हातातली वडी चाखल्याशिवाय ताट न हलवणारी चतुराबाई या वेळी म्हणाली की चाखायचं राहू द्या, रुखवत आहे, पाहुण्यांच्या आधी तोंड लावू नये. बेबीनंदाला ते कळलं. तिने साचा पुसला आणि चहाचा कप खाली ठेवला.

कप घरातलाच होता. तिकडच्यांसाठी वेगळी कपबशी बाहेर कोनाड्यात असायची, ती चतुराबाईने काढली नव्हती. बेबीनंदा गेल्यावर तो कप घेऊन ती मोरीपाशी उभी राहिली. एकदा घासला. पुन्हा राखेकडे हात गेला तो तिने मागे घेतला आणि कप फळीवर इतर कपांत ठेवून दिला. थोड्या वेळाने आत जाऊन पाहिलं तर तो कोणता हे तिलाच ओळखता येईना. तिला हसू आलं आणि जरा भीतीही वाटली.

लग्न लागलं. जेवणं व्हायच्या आधी बायका रुखवत बघायला आल्या. मांडवाच्या एका कडेला पाट मांडून त्यावर ताटं लावली होती. हिरव्या वेलीची उशी, मेणाची पानं, तळलेल्या जाळ्यांचा उभा केलेला मनोरा, आणि मधोमध वड्यांचं गोल ताट. बायका बघत राहिल्या. मालनबाई पुढे आली, धिप्पाड, हातभर बांगड्या. प्रत्येक ताटापाशी थांबली. बोटाने दाबलं. वड्यांपाशी आली तेव्हा तिने एक उचलली आणि टोक बघितलं, काठ बघितला.

"उमर गेली माझी रुखवतं बघण्यात," ती म्हणाली. "असं न्हाई पाह्यलं."

चतुराबाईचे पाय हलके झाले. सहा वर्षांचं ओझं त्या एका वाक्यात उतरलं. तिथेच थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण मालनबाई पलीकडे पाटावर बसलेल्या कांताकडे वळली आणि कौतुकाने म्हणाली, "तुझ्या हातचं का गं हे?"

याला उत्तर एकच असतं. रुखवत कोणीही केलेलं असो, नवरी हो म्हणते, आणि विचारणारीलाही ते माहीत असतं. कांताने आईकडे पाहिलं. तिच्या कपाळावर मुंडावळ्या होत्या, अंगठ्याला हळद होती, आणि तिला हो म्हणायचं नव्हतं हे चतुराबाईला स्वच्छ दिसलं. मांडवाच्या पलीकडच्या खांबापाशी बेबीनंदा ठकीचा हात धरून उभी होती. ती इकडे बघत नव्हती. तिने काही मागितलं नव्हतं.

"शिवण तिचं," चतुराबाई म्हणाली. "पानं आमच्या बालवाडीच्या बाईंनी कापली. बेबीनंदाबाईंनी."

"हो का? कुणापैकी?"

"भीमनगरातल्या."

मालनबाईने हातातली वडी परत ताटात ठेवली. रागाने नाही. गरम भांडं ठेवावं तशी, चटकन. बोटं पदराला पुसली. मागच्या दोघीतिघींनीही, काही उचललं नव्हतं तरी, हात मागे घेतले. पंगतीत पत्रावळी मांडणाऱ्यांचा आवाज तेवढा येत राहिला.

हे मी काय करून बसले, असं चतुराबाईला वाटलं. एका वाक्यासाठी थोरली सहा वर्षं रडत होती. ही तर न बोललेली गोष्ट होती, ती ना विसरता येणार होती ना तिला उत्तर देता येणार होतं. आणि ती कांताला नेसत्या शालूनिशी घेऊन जावी लागणार होती. मालनबाईवर चिडावं तर कोणत्या तोंडाने. ठेवलेली वडी ताटात एकटी, गोलाच्या बाहेर पडली होती. सगळ्या बायका तिच्याकडेच बघत होत्या.

चतुराबाईने हात पुढे केला, तीच वडी उचलली आणि तोंडात घातली. खोबरं दाताखाली करकरलं. तिने नीट चावून खाल्ली, घाई केली नाही.

"साखर जास्त झाली," ती मालनबाईला म्हणाली. "पाक मी केला होता. ती चूक माझी. कापलंय मात्र बराबर."

मालनबाई तिच्याकडे बघत राहिली. मग कांता पाटावरून उठली, पदर खोचला, आणि वड्यांचं ते सबंध ताट उचलून आत्यासासूच्या पुढे उभी राहिली.

"घ्या आत्या," ती म्हणाली, आणि ताट खाली न करता तशीच थांबली.